घरातला काटा

बाजारात गेल्यावर यादीत नसलेली एखादी वस्तू मनाला आवडते आणि आपण ती घेऊन येतो. पुढे ती वस्तू कधी अडगळीत पडते, तर कधी अचानक मोठ्या उपयोगाची ठरते. अशाच एका वस्तूची हकीकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.

ही गोष्ट २०१७ सालची आहे. बी.एड. झाल्यावर मला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती. आम्ही पुण्यात वारजे येथे राहतो. एके काळी वारजे हे मुठा नदीच्या काठचे लहानसे गाव होते. आज ते पुणे शहराचा भाग आहे. मुंबई-बंगळूरु महामार्ग वारज्यातून जातो. महामार्गाच्या बाजूला उंच इमारती आहेत आणि आत लहान घरांच्या गल्ल्याही आहेत. अशाच एका गल्लीत आमचे घर आहे.

पहिला पगार हातात आला, तेव्हा मी पुस्तकांसाठी एक लोखंडी मांडणी घ्यायचे ठरवले. रविवारी सकाळी अब्बा आणि मी बसने पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. हा बाजार त्या वेळी बुधवारी आणि रविवारी भरत असे. कुलुपे, घड्याळे, पितळी भांडी, सुताराची हत्यारे, जुनी नाणी, मोडके पंखे, सर्व काही तेथे रस्त्याच्या कडेला मांडलेले असे.

मांडणी काही मिळाली नाही. पण एका विक्रेत्यापुढे मी थांबलो. त्याच्याजवळ एक लटकवायचा काटा होता. वर कडी, खाली आकडा आणि मध्ये घड्याळासारखी गोल तबकडी. तबकडीवर शून्यापासून पन्नासपर्यंत आकडे होते. काच जरा धुरकट झाली होती.

"पन्नास किलोपर्यंत तोलतो, साहेब. ओढून बघा," विक्रेता म्हणाला.

मी आकडा खाली ओढला. काटा भरकन फिरला. हात सोडताच तो परत मागे आला. मला फार मजा वाटली. त्याने २५० रुपये सांगितले, मी १८० रुपये दिले आणि काटा पिशवीत टाकला. तो कशासाठी घेतला, हे मला स्वतःलाही सांगता आले नसते.

घरी आलो, तेव्हा अम्मी दारातच उभी होती.

"मांडणी कुठे आहे?" तिने विचारले.

"मिळाली नाही," मी म्हणालो आणि काटा बाहेर काढला.

अम्मीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय आणलंस? आपल्याला काय भंगाराचं दुकान काढायचंय?"

मी गप्प बसलो. अब्बांनी काही न बोलता दारामागच्या खुंटीला काटा अडकवला.

अम्मी घरखर्चाची वही लिहीत असे. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'यादीबाहेर' असे शीर्षक होते. ठरवलेले नसताना घेतलेली प्रत्येक वस्तू त्या पानावर लिहिली जाई. आधी तारीख, मग वस्तू, मग किंमत आणि शेवटी 'उपयोग' असा एक रकाना असे. भाजी चिरायचे प्लास्टिकचे यंत्र त्या पानावर होते. तिसऱ्याच दिवशी त्याचे पाते तुटले होते. लिंबू पिळायचे यंत्र होते, काचेची फुलदाणी होती. अब्बांनी आणलेले घडीचे स्टूलही होते. त्याच्यापुढे अम्मीने 'दादीला रोज' असे लिहिले होते. त्या दिवशी त्याच पानावर नवी ओळ आली : 'काटा. १८० रुपये.' उपयोगाच्या रकान्यात अम्मीने लिहिले, 'विनाकारण'.

तीन महिने काटा खुंटीवरच लटकत राहिला.

एक दिवस गॅसचा सिलिंडर आला. अब्बा म्हणाले, "चला, आज काट्याला काम देऊ." घरगुती वापराच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. आमच्या सिलिंडरवर १५.६ किलो असे लिहिले होते. म्हणजे भरलेल्या सिलिंडरचे वजन २९.८ किलो व्हायला हवे. आम्ही काट्याच्या कडीत जाड काठी घातली. काठीचे एक टोक अब्बांच्या खांद्यावर, दुसरे माझ्या खांद्यावर. सिलिंडर आकड्याला बांधून हळूच वर उचलला. काटा तीसच्याही किंचित पुढे गेला.

"वा! अर्धा किलो गॅस जास्तच आला," अब्बा खूश होऊन म्हणाले.

अम्मी हसली नाही. ती म्हणाली, "जास्त गॅस कधी कोणी देतो का? तुमच्या काट्यातच काहीतरी खोट असेल."

ते वाक्य आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले. पुढे मात्र ते फार महत्त्वाचे ठरले.

आमच्या गल्लीत रोज सकाळी एक मावशी कचरा गोळा करायला येत. कागद, पुठ्ठा, बाटल्या त्या वेगळ्या काढत आणि दुपारी भंगाराच्या दुकानात विकत. डिसेंबर महिन्यातली गोष्ट. डोक्यावरचे पोते दारात टेकवून मावशी म्हणाल्या, "भाभी, थोडं पाणी द्या."

पाणी देताना अम्मीने विचारले, "पोतं बरंच जड दिसतंय. किती किलो असेल?"

"काय माहीत! दुकानदार सांगेल ते खरं. आमच्या संघटनेच्या बैठकीत सांगतात, वजन नीट बघून घ्या. पण बघायचं कशानं? माझ्याकडे काय काटा आहे?"

अम्मीने दारामागे पाहिले. मग मला हाक मारली.

आम्ही पोते काट्याला लावले. काट्याने २३ किलो दाखवले. मावशी पोते घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी येताच त्या म्हणाल्या, "भाभी, दुकानात वीसच किलो भरलं."

अम्मी विचारात पडली. तिने वहीचे एक कोरे पान काढले. "मावशी, आठवडाभर रोज इथे वजन करू. दुकानातलं वजनही मला येऊन सांगा," ती म्हणाली. आठवड्याच्या शेवटी ते पान असे दिसत होते :

सोमवार : घरी २३ किलो, दुकानात २० किलो
मंगळवार : घरी १८.५ किलो, दुकानात १६ किलो
बुधवार : घरी २१ किलो, दुकानात १८ किलो
गुरुवार : घरी १६ किलो, दुकानात १४ किलो
शुक्रवार : घरी २४.५ किलो, दुकानात २१ किलो
शनिवार : घरी १९ किलो, दुकानात १६ किलो

घरची बेरीज १२२ किलो, दुकानातली १०५ किलो. सतरा किलोंचा फरक! माझा संताप झाला. "मी आत्ताच दुकानात जातो आणि त्याला जाब विचारतो," मी म्हणालो.

मावशी घाबरल्या. "नको, सर. भांडण झालं, तर उद्यापासून तो माझा माल घेणार नाही. मग हे पोतं घेऊन मी कुठे जाऊ? माझ्या पोटावर पाय येईल."

अम्मी शांतपणे म्हणाली, "आणि त्याचा काटा खोटा आहे, हे तरी कशावरून? आपलाही खोटा असू शकतो. सिलिंडरचं काय झालं होतं, आठवतं ना? कोणावर आळ घेण्याआधी आपला काटा तपासायला हवा. तू तर शाळेत शिकवतोस. काटा कसा तपासतात, ते सांग."

मी ओशाळलो. वर्गात मुलांना शिकवलेली गोष्ट घरी मला आठवली नव्हती.

अशा काट्याला विज्ञानाच्या पुस्तकात ताणकाटा म्हणतात. त्याच्या आत एक स्प्रिंग असते. आकड्याला वजन लावले की स्प्रिंग ताणली जाते. वजन दुप्पट केले, तर ताणही दुप्पट होतो. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली हा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगचा ताण वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तबकडीवर सारख्या अंतरावर खुणा करता येतात. पण स्प्रिंग जुनी झाली, सैल पडली किंवा काटा शून्यावरून सरकला, तर वजन चुकते.

तपासायला वजनाची मापे आमच्या घरी नव्हती. पण पाणी होते! एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. मी आधी रिकामी बादली आकड्याला अडकवली. काट्याने १.५ किलो दाखवले. मग एक लिटरच्या बाटलीने मोजून दहा बाटल्या पाणी बादलीत ओतले. काट्याने ११.५ किलो दाखवले. म्हणजे वाढ बरोबर दहा किलोंची होती. स्प्रिंग चांगली होती.

मग चूक कोठे होती? मी काट्याची काच ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि रिकामा काटा पाहिला. आकड्याला काहीही लावलेले नसताना काटा शून्यावर नव्हता. तो एक खूण पुढे, अर्ध्या किलोवर उभा होता! धुरकट काचेमुळे आमच्या ते लक्षात आले नव्हते. आमचा काटा प्रत्येक वस्तूचे वजन अर्धा किलो जास्त दाखवत होता. सिलिंडरमध्ये गॅस जास्त नव्हता. तो अगदी बरोबर होता.

अम्मीने पुन्हा वही घेतली. सहा दिवसांचे सहा वेळा अर्धा किलो, म्हणजे तीन किलो वजा केले. आता घरचे खरे वजन ११९ किलो झाले. तरीही १४ किलो कमी भरत होतेच. त्या वेळी मावशींना पुठ्ठ्याचे किलोमागे ८ रुपये मिळत. म्हणजे एका आठवड्यात ११२ रुपये कमी मिळाले होते.

"चौदा म्हणजे चौदाच सांगायचं, सतरा नाही," अम्मी मावशींना म्हणाली. "आपला हिशोब चोख असला, म्हणजे बोलताना घाबरायचं कारण नाही."

सोमवारी मावशी तो कागद घेऊन दुकानात गेल्या. काय झाले, ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या भांडल्या नाहीत. कागद पुढे ठेवून एवढेच म्हणाल्या, "शेठ, आजपासून मी वजन करून आणणार आहे." दुकानदार आधी म्हणाला, "ओल्या मालाची घट धरावी लागते." मावशी म्हणाल्या, "पाऊस जाऊन दोन महिने झाले. माल कोरडा आहे. हात लावून बघा." तो काही वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझा काटा जुना झालाय. दुरुस्त करून घेतो."

त्या दिवशी घरी पोते वीस किलो भरले होते. दुकानातही वीसच भरले.

ही बातमी हळूहळू पसरली. जवळच्या गल्ल्यांत काम करणाऱ्या आणखी तीन बायका दुपारी आमच्या दारात पोती घेऊन येऊ लागल्या. काटा आता दारामागे राहिला नाही. अब्बांनी ओट्यावरच्या आडव्या लोखंडी गजाला तो कायमचा टांगला. शून्याची खूण नीट दिसावी, म्हणून रोज सकाळी अम्मी त्याची काच पुसू लागली. यादीबाहेरच्या पानावर तिने 'विनाकारण' हा शब्द खोडला नाही. त्याच्यापुढे फक्त एवढेच लिहिले, 'कारण नंतर सापडले.'

मुलांनो, वजनाचा प्रश्न केवळ आमच्या गल्लीतला नाही. पुण्यातील कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. ज्येष्ठ समाजसेवक बाबा आढाव यांचा त्यात पुढाकार होता. कामाला मान मिळावा, ओळखपत्र मिळावे आणि मालाला योग्य वजन व भाव मिळावा, यासाठी ही संघटना झटली. पुढे याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन झाली. घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम तिच्या सभासदांनी केले.

वजनमापांसाठी देशात कायदाही आहे. पूर्वी आपल्याकडे शेर, मण, छटाक अशी मापे होती. गावोगावी त्यांची वजने वेगवेगळी असत. १९५६ च्या कायद्याने सर्व देशासाठी किलोग्रॅम, मीटर ही दशमान मापे ठरवण्यात आली. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. दुकानातील काटा ठरावीक मुदतीने तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. असा शिक्का नसलेल्या काट्यावर व्यापार करता येत नाही. आमच्या घरातल्या काट्यावर शिक्का नाही. म्हणून त्यावर आम्ही काही विकत नाही. तो फक्त आमचा अंदाज पक्का करतो.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग दिसेल ती वस्तू घ्यावी का? कधीतरी उपयोगी पडेलच!" नाही. अम्मीच्या त्या पानावर वर्षभरात नऊ वस्तू लिहिल्या गेल्या. त्यांपैकी तीनच उपयोगी पडल्या : घडीचे स्टूल, डोक्याला बांधायची बॅटरी आणि काटा. बाकी सहा अडगळीत गेल्या. त्यांचे पैसेही गेले.

त्या तीन वस्तूंत काय वेगळे होते? मी पुष्कळ विचार केला. भाजी आम्ही विळीने चांगली चिरत होतो. लिंबू हाताने पिळत होतो. ज्या कामात अडचणच नव्हती, त्यासाठी आम्ही यंत्रे आणली होती. याउलट दादीला खाली बसताना त्रास होई, पण ती कधी बोलत नसे. वीज गेली की एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने काम करावे लागे. आणि वजन? दुसऱ्याने सांगितलेले वजन आम्ही जन्मभर खरे मानत आलो होतो. या अडचणी होत्याच. पण त्यांची इतकी सवय झाली होती, की त्या आमच्या यादीत कधी आल्याच नाहीत. वस्तू घरात आली, तेव्हा अडचण दिसली.

म्हणून एखादी वस्तू मनात भरली, तर लगेच पैसे काढू नका. ती कोणाचा त्रास कमी करील, हे स्वतःला विचारा. ती मजबूत आहे का, बिघडली तर दुरुस्त होईल का, तेही पाहा. आणि घेतलीच, तर तिची नोंद ठेवा. नोंद ठेवली, म्हणजे आपली चूकही कळते आणि क्वचित आपले नशीबही कळते.

मांडणी मी पुढच्या महिन्यात घेतली. ती यादीत होती.

शब्दार्थ

अडगळ : उपयोगात नसलेले सामान
मांडणी : वस्तू ठेवण्याचे फळ्यांचे कपाट
तबकडी : गोल पातळ पत्रा, घड्याळाचा दर्शनी भाग
धुरकट : अस्पष्ट, धुरासारखे
रकाना : पानावरील उभा भाग
खोट : दोष
घट : कमी होणे, तूट
चोख : अगदी बरोबर, स्वच्छ
दशमान : दहाच्या पटीत असलेले

वाक्प्रचार

कपाळाला आठ्या पडणे : नाराज होणे
हसण्यावारी नेणे : महत्त्व न देणे
जाब विचारणे : कारण विचारणे, खुलासा मागणे
आळ घेणे : खोटा आरोप करणे
पोटावर पाय येणे : रोजी बुडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक जुन्या बाजारात काय घ्यायला गेले होते?
(आ) अम्मीने काट्याच्या उपयोगाच्या रकान्यात आधी काय लिहिले?
(इ) घरगुती सिलिंडरमध्ये किती किलो गॅस असतो?
(ई) ताणकाट्याचा नियम कोणी व केव्हा प्रसिद्ध केला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मावशी दुकानदाराशी भांडायला का घाबरत होत्या?
(आ) लेखकाने पाण्याच्या साहाय्याने काटा कसा तपासला?
(इ) सहा वस्तू अडगळीत का गेल्या?

३. कोण कोणाला म्हणाले?
(अ) "आपल्याला काय भंगाराचं दुकान काढायचंय?"
(आ) "चौदा म्हणजे चौदाच सांगायचं, सतरा नाही."
(इ) "माझा काटा जुना झालाय."

४. विचार करून लिहा.
अम्मीने आधी स्वतःचा काटा तपासायला सांगितले. ते योग्य होते का? काटा न तपासता लेखक दुकानात गेले असते, तर काय झाले असते?

५. हिशोब करा.
एका सिलिंडरवर रिकामे वजन १५.९ किलो असे लिहिले आहे. भरलेल्या सिलिंडरचे वजन किती असायला हवे? लेखकाच्या घरचा काटा ते किती दाखवील?

६. भाषेची गंमत.
बाजार, दुकान, वजन, तराजू, किंमत, हिशोब, खर्च, फायदा, रद्दी हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. काहींच्या उच्चारात थोडा फरक आहे. तो फरक ओळखा. असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

७. उपक्रम.
तुमच्या घरात यादीत नसताना घेतलेल्या पाच वस्तूंची माहिती आईवडिलांना विचारा. वस्तू, किंमत आणि उपयोग असे तीन रकाने करून ती वहीत लिहा. कोणती वस्तू उपयोगी पडली व का, हे वर्गात मराठीतून सांगा.